यशाचें माप: दोन खेळाडूंचीं आत्मचरित्रें

कारकीर्द यशस्वी झाली असें आपण केव्हां म्हणतों? वकील, वैद्य किंवा अध्यापक यांच्यासंबंधीं हा प्रश्न निघाला म्हणजे कोणी प्राप्ति मोजतो, कोणी लौकिक मोजतो, कोणी शिष्यांकडे बोट दाखवितो, आणि वाद बहुधा अनिर्णीतच राहतो. खेळाडूच्या बाबतींत मात्र निर्णय अगदीं सोपा आहे अशी सर्वांची समजूत दिसते. जय आणि पराजय फळ्यावर आकड्यांनीं लिहिलेले असतात. जो जिंकला तो यशस्वी, हरला तो अयशस्वी. मग अधिक विचाराचें कारणच काय? अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलच्या जगांत तर या समजुतीनें दृश्य रूप धारण केलें आहे. तेथें अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघांतील प्रत्येक खेळाडूस एक अंगठी मिळते; आणि कोणाची थोरवी ठरवावयाची झाली कीं तेथील टीकाकार व प्रेक्षक प्रथम त्याच्या अंगठ्या मोजतात. ही मोजदाद कितपत खरी आहे हें पाहूं इच्छिणाऱ्यानें दोन आत्मचरित्रें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावींत: एक, बिल रसेल यानें टेलर ब्रँच याच्या साहाय्यानें लिहिलेलें ‘सेकंड विंड’ (१९७९), आणि दुसरें, जेरी वेस्ट यानें जोनाथन कोलमन याच्या साहाय्यानें लिहिलेलें ‘वेस्ट बाय वेस्ट’ (२०११). पहिल्याचा लेखक या खेळांत सर्वांत अधिक वेळां जिंकलेला. दुसऱ्याचा लेखक सर्वांत अधिक प्रसिद्ध असा हरलेला. आणि दोघेहि एकमेकांविरुद्धच खेळले, हा विशेष.

ज्या वाचकांचा या खेळाशीं परिचय शाळेच्या मैदानापलीकडे गेलेला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द आधीं सांगितले पाहिजेत. हा खेळ परंपरेनें आलेला नाहीं. तो एका माणसानें एका ठराविक वेळीं शोधून काढिला. जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें १८९१ च्या डिसेंबरांत, मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील स्प्रिंगफील्ड येथें, हिंवाळ्यांत बाहेर खेळतां न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं १३ नियम लिहिले आणि व्यायामशाळेच्या कठड्यास पीच फळांच्या दोन टोपल्या बांधिल्या. पुढें हाच नेस्मिथ कॅन्सास विश्वविद्यालयाच्या संघाचा मार्गदर्शक झाला. त्याच्या हाताखालीं त्या संघानें ५५ सामने जिंकले व ६० गमाविले. आणि जिंकलेल्यांहून हरलेले सामने अधिक असा त्या विश्वविद्यालयाच्या इतिहासांतील मार्गदर्शक तोच एकटा आहे. म्हणजे केवळ जयाचीच गणना करूं गेल्यास या खेळाचा जनकच पहिल्या परीक्षेंत अनुत्तीर्ण ठरतो! एवढ्यावरूनच आपल्या मापाविषयीं थोडा संशय यावयास हरकत नाहीं.

आतां दोन्ही लेखकांची हकीकत. रसेल १९३४ सालीं लुइझियाना प्रांतांतील मनरो गांवीं एका काळ्या कुटुंबांत जन्मला. १९५६ पासून १९६९ पर्यंत १३ हंगाम तो बॉस्टनच्या ‘सेल्टिक्स’ संघांत खेळला, आणि त्यांतील ११ हंगामांत अजिंक्यपद त्याच्या संघाकडे होतें. अखेरच्या ३ हंगामांत तो खेळाडूहि होता आणि मार्गदर्शकहि. १९६६ मध्यें त्यास हें काम मिळालें तेव्हां तेथील प्रमुख धंदेवाईक बास्केटबॉल स्पर्धेंतील संघाचा तो पहिला काळा मार्गदर्शक ठरला. वेस्ट १९३८ मध्यें वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलुखांत जन्मला आणि १९६० पासून १९७४ पर्यंत १४ हंगाम लॉस एंजेलिसच्या ‘लेकर्स’ संघांत राहिला. अजिंक्यपदाचा निकाल शेवटच्या दोन संघांतील सात सामन्यांच्या मालिकेनें लागतो. चार सामने आधीं जिंकील तो संघ अजिंक्य. वेस्ट अशा ९ अंतिम मालिका खेळला. त्यांपैकीं ८ हरला, एक जिंकला; आणि त्या ८ पैकीं ६ पराभव रसेलच्या संघाकडून झाले. अंगठ्यांच्या हिशेबानें निकाल उघड आहे: ११ विरुद्ध १.

परंतु हाच हिशेब थोडा पुढें चालवून पाहावा. रॉबर्ट हॉरी या खेळाडूस १९९४ ते २००७ या अवधींत तीन निरनिराळ्या संघांकडून मिळून ७ अंगठ्या मिळाल्या. तो गुणी व प्रसंगीं धीराचा खेळाडू होता यांत शंका नाहीं. परंतु त्याची सरासरी एका सामन्यांत ७ गुणांची, आणि तो वेस्टच्या सातपट थोर होता असें त्याचे चाहतेहि म्हणणार नाहींत. दुसरें उदाहरण याहून करुण आहे. वेस्टचा सहकारी एल्जिन बेलर याचा संघ त्याच्या काळांत ८ अंतिम मालिकांपर्यंत पोंचला आणि आठहि हरला. १९७१-७२ च्या हंगामाचे ९ सामने खेळल्यावर गुडघ्याच्या व्यथेमुळें त्यानें निवृत्ति पत्करली. आणि त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यापासून त्याच्या संघानें ओळीनें ३३ सामने जिंकले व त्याच हंगामांत अजिंक्यपद मिळविलें. बेलरचा गुडघा आणखी सहा महिने टिकला असता तर त्याची सारी कारकीर्द यशस्वी ठरली असती, आणि न टिकल्यामुळें ती निष्फळ झाली, असें म्हणणें म्हणजे मनुष्याची योग्यता त्याच्या अस्थींवर ठरविणें होय. शिवाय रसेलच्या पहिल्या वर्षांत स्पर्धेंत अवघे ८ संघ होते, आज ३० आहेत. तेव्हां त्या काळची अंगठी आणि आजची अंगठी हीं एकाच टांकसाळींतील नाणीं नव्हत.

मग व्यक्तिगत आकडे घ्यावेत काय? तेंहि करून पाहण्यासारखें आहे. विल्ट चेंबरलेन यानें २ मार्च १९६२ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील हर्शी येथें एकट्यानें १०० गुण केले, आणि त्या हंगामांत त्याची सरासरी दर सामन्यास ५०.४ गुणांची होती. असा पराक्रम पूर्वीं कोणी केला नव्हता. पुढेंहि कोणास साधला नाहीं. उलटपक्षीं रसेलची सरासरी एकाहि हंगामांत २० गुणांपर्यंत पोंचली नाहीं. त्याचें काम चेंडू अडविण्याचें आणि फलकावरून परतलेला चेंडू झेलून सहकाऱ्यांच्या हातीं देण्याचें होतें. आंकड्यांनीं पाहिल्यास चेंबरलेनपुढें तो ठेंगणा दिसतो; परंतु चेंबरलेनच्या अंगठ्या दोन. राहतां राहिलें द्रव्य. १९६५ सालीं चेंबरलेनला वर्षाचे १,००,००० डॉलर ठरले असें कळतांच रसेलनें आपल्या संघाकडून १,००,००१ डॉलर ठरवून घेतले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. एका डॉलरनें कोण थोर ठरला, हें वाचकांनींच सांगावें. एक माप धरावें तर दुसरें निसटतें. आणि प्रत्येक मापाचा पुरस्कर्ता आपल्या आवडत्या खेळाडूकडे पाहून तें निवडतो, अशी शंका येते.

म्हणून मोजणाऱ्यांस क्षणभर बाजूस ठेवून स्वतः खेळणारे काय म्हणतात तें ऐकावें. ‘सेकंड विंड’ हें पुस्तक विजयाची बखर असेल अशी अपेक्षा घेऊन जो वाचूं लागेल त्याची निराशा होईल. उपशीर्षकांतच लेखक स्वतःस मताग्रही म्हणवून घेतो, आणि त्याप्रमाणें आजोबा-वडिलांच्या आठवणी, धर्म, राजकारण, स्त्रिया, कीर्ति अशा अनेक विषयांवर तो ऐसपैस बोलतो. कांहीं ठिकाणीं हें बोलणें पसरट झालें आहे. पुढें मार्टिन ल्यूथर किंग यांच्या काळाचा मोठा इतिहास लिहून नांवाजलेल्या ब्रँचचा हात असूनहि प्रकरणांची जुळणी सैलच राहिली आहे, हा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. परंतु या सैल पुस्तकांत खेळाविषयीं जीं थोडीं पानें आहेत त्यांच्या तोडीचें लेखन आमच्या वाचनांत क्वचित् आलें आहे.

त्या पानांत रसेल एक विलक्षण अनुभव सांगतो. कधीं कधीं एखादा सामना दोन्ही संघांच्या हातून नेहमींच्या पातळीच्या वर चढे. दहाहि खेळाडू एका लयींत सांपडत. पुढें काय घडणार हें आधींच कळूं लागे. आणि अशा वेळीं प्रतिपक्षाचा उत्कृष्ट फेकाहि त्यास हवाहवासा वाटे. जे थोडे सामने शेवटपर्यंत या पातळीवर राहिले त्यांत कोण जिंकलें याची आपणांस पर्वा वाटली नाहीं, असें तो स्पष्ट सांगतो. हें कोणा हरलेल्याचें समाधान नव्हे. सामन्यापूर्वीं चिंतेनें ज्यास वांति होत असे, आणि जो ११ वेळां अजिंक्य ठरला, त्याची ही साक्ष आहे. सामना संपल्यावर तो स्वतःस १०० पैकीं गुण देई आणि ६५ च्या वर कधीं गेला नाहीं, असेंहि तो लिहितो. आपला खेळ चांगला झाला कीं नाहीं हें आपल्यामुळें सहकाऱ्यांचा खेळ किती सुधारला यावरून पाहावें, हा त्याचा दंडक होता. ज्याच्या ११ अंगठ्यांवर सारें जग बोट ठेवितें तो स्वतः निराळ्याच तराजूनें तोलत होता.

विजयानें जें मिळतें असें समजलें जातें, तें त्यास सर्वस्वीं मिळालेंहि नाहीं. १९६१ सालीं केंटकींतील लेक्सिंग्टन येथें त्याच्या काळ्या सहकाऱ्यांस उपाहारगृहांत खावयास नाकारलें, तेव्हां तो व त्याचे काळे सहकारी सामना न खेळतां निघून गेले. ज्या बॉस्टनसाठीं तो जिंकत होता त्याच्याच परिसरांत त्याचें घर फोडून नासधूस करण्यांत आली. म्हणूनच १९७२ मध्यें त्याच्या ६ या क्रमांकाचा गौरव करावयाचा ठरला तेव्हां प्रेक्षकांस आंत घेण्यापूर्वींच, मोजक्या सोबत्यांसमक्ष, तो उरकावा असा त्यानें आग्रह धरिला. १९७५ सालीं बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याची निवड झाली, तिकडेहि तो फिरकला नाहीं. त्या मंदिराची अंगठी त्यानें ४४ वर्षांनंतर, २०१९ सालीं, खासगी रीतीनें स्वीकारिली. २०२२ मध्यें तो वारल्यावर त्याचा क्रमांक सर्वच संघांनीं कायमचा राखून ठेविला. अंगठी आणि आदर या दोन वस्तु एकाच दिवशीं येत नाहींत, हें या चरित्रावरून शिकावें.

‘वेस्ट बाय वेस्ट’ उघडतांच हवा बदलते. येथें विनोद थोडा, अंधार फार. बापाचा मार, १९५१ सालीं कोरियाच्या युद्धांत पडलेला भाऊ डेव्हिड, आयुष्यभर पाठ न सोडणारी विषण्णता, हें सारें वेस्ट इतक्या निर्भीडपणें सांगतो कीं प्रसिद्ध पुरुषाच्या आत्मचरित्रांत असा कबुलीजबाब सहसा आढळावयाचा नाहीं. आणि या साऱ्याच्या मध्यभागीं तो १९६९ चा सामना काट्यासारखा रुतून बसला आहे. त्या वर्षीं बॉस्टनचा संघ म्हातारा झालेला, आपल्या विभागांत चौथा आलेला. लेकर्सकडे वेस्ट, बेलर आणि चेंबरलेन असे तिघेहि. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. ५ मे रोजीं लॉस एंजेलिसच्या क्रीडागृहांत, विजयानंतर सोडण्यासाठीं म्हणून, मालकानें छताशीं हजारों फुगे आधींच टांगून ठेविले होते. वेस्टनें ४२ गुण केले, १३ चेंडू फलकावरून मिळविले, १२ वेळां सहकाऱ्यांस गुण करण्याची संधि दिली. आणि बॉस्टननें सामना १०८ विरुद्ध १०६ असा जिंकला. फुगे वरच राहिले. त्या मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून वेस्टची निवड झाली; हरलेल्या संघांतील खेळाडूस हा मान मिळाल्याचें तें एकच उदाहरण आजतागायत आहे. त्या मानानें त्याचें समाधान मुळींच झालें नाहीं.

तीन वर्षांनीं, १९७२ मध्यें, तो अखेर जिंकला. परंतु १९६९ च्या अंतिम मालिकेंत ज्याची सरासरी ३७.९ गुणांची होती त्याची या मालिकेंत १९.८ वर आली. फेके चुकत होते, आणि संघ त्याच्या वाईट खेळानंतरहि जिंकत होता. हें त्यास पुरतें ठाऊक होतें. म्हणून जन्मभर ज्याची वाट पाहिली तें पद हातीं आल्यावरहि त्यास त्यांत गोडी वाटली नाहीं. आमच्या मतें दोन्ही पुस्तकांचें मर्म येथें आहे. अंगठ्या मोजणाराच्या वहींत १९६९ पुढें शून्य आणि १९७२ पुढें एक असा आंकडा पडतो. खेळणाऱ्याच्या अंतःकरणानें मात्र नेमका याच्या उलट कौल दिला होता. वेस्टची शोकांतिका ही कीं, त्यानें तो कौल ऐकला, पण मानला नाहीं. वाईट खेळून मिळालेला विजय खोटा हें त्यानें ओळखलें. परंतु उत्तम खेळून झालेला पराभव खरा मोलाचा असूं शकतो, हें तो स्वतःस पटवूं शकला नाहीं. पुढें संघाचा व्यवस्थापक होऊन त्यानें लेकर्सला अनेक अजिंक्यपदें मिळवून दिलीं. परंतु निर्णायक सामना चालला असतां त्यास तेथें बसवत नसे.

यावर वाचक असा आक्षेप घेतील कीं, खेळ हा जिंकण्यासाठींच असतो. जय-पराजय सारखेच मानावयाचे तर खेळावेंच कशाला? हा आक्षेप योग्य आहे, आणि निष्काम कर्माचा दाखला देऊन तो उडवून लावणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. धंदेवाईक खेळाडू हा कांहीं फलाशा सोडून बसलेला योगी नव्हे. तो वेतन घेतो तें जिंकण्यासाठीं. त्यानें जिंकण्याची इच्छा सोडली तर प्रतिपक्षाच्या खेळासहि अर्थ राहणार नाहीं. परंतु खेळणाराचा हेतु आणि पारखणाराचें माप या दोन गोष्टी आहेत. वैद्याचा हेतु रोगी बरा व्हावा हाच असतो आणि असावाहि; तथापि मेलेल्या रोग्यांची संख्या मोजून आपण वैद्याची योग्यता ठरवीत नाहीं, कारण कठीण रोगी चांगल्याच वैद्याकडे येतात. अंतिम मालिका ८ वेळां हरण्यासाठीं आधीं तेथवर पोंचावें लागतें. जे संघ पहिल्याच फेरींत घरीं जातात त्यांच्या खेळाडूंच्या नांवावर असा एकहि पराभव नसतो!

याच्या उलट टोंकासहि जाऊं नये. पराभवाचेंच कौतुक करण्याची खोड आम्हां मराठी लोकांस थोडी अधिकच आहे. पानिपत आणि कर्ण यांविषयीं आम्ही जितक्या ओलाव्यानें बोलतों तितक्या ओलाव्यानें कोणत्याहि विजयाविषयीं बोलत नाहीं. वेस्ट हरला म्हणून थोर, असें म्हणणें हें तो हरला म्हणून लहान असें म्हणण्याइतकेंच चुकीचें होय. दोन्ही पक्षीं निकालालाच महत्त्व दिलें जातें. एक पक्ष टाळ्या वाजवितो, दुसरा डोळे पुसतो, एवढाच भेद.

मग माप कोणतें? आम्हांस तें रसेलच्याच पुस्तकांत सांपडतें, मात्र तें त्यानें केलें त्याहून थोडें पुढें नेलें पाहिजे. ज्याच्या असण्यानें आपल्या संघांतील चौघांचा खेळ वाढला, त्याची कारकीर्द सफल झाली, हा अर्धा भाग. समोरच्या पांचांसहि ज्यानें आपला उत्तमोत्तम खेळ बाहेर काढावयास लाविलें, हा उरलेला अर्धा. सामना एका संघानें घडत नाहीं. वेस्ट आणि बेलर यांच्यासारखे प्रतिस्पर्धी ६ वेळां समोर उभे राहिले नसते तर रसेलच्या अंगठ्यांचा भाव काय राहिला असता? ज्या उंच पातळीचें वर्णन तो करतो ती त्यास एकट्यास गांठतां येणारी नव्हती. ती गाठण्यास तितकाच समर्थ शत्रु लागे. रसेलच्या यशांत वेस्टचा वांटा आहे, आणि रसेलला हें कळत होतें, असें समजावयास जागा आहे. १९७१ मध्यें वेस्टच्या सन्मानाचा समारंभ झाला तेव्हां त्याचा हा जुना वैरी तेथें मुद्दाम हजर राहिला होता. या मापानें दोघेहि सफल ठरतात, आणि अंगठी न मिळालेला बेलरहि.

हा वाद केवळ परदेशांतील खेळाडूंपुरता नाहीं. परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्याहि घरोघर अंगठ्याच मोजल्या जातात. कितवा आला, किती टक्के मिळाले, कोणत्या हुद्द्यावर चढला. त्या मुलानें काय मिळविलें हें विचारणारे पुष्कळ. त्याच्या शेजारीं बसणाऱ्या मुलाचा अभ्यास त्याच्या संगतीनें सुधारला काय, हें विचारणारा विरळा. आणि ज्या मुलानें उत्तम काम करूनहि स्पर्धेंत पाठीमागें राहण्याचा प्रसंग सोसला, त्यास आम्ही त्याच्याच कामाचें मोल पटवून देत नाहीं. तो वेस्टसारखा तीं खोटीं मापें घेऊनच पुढचें आयुष्य काढतो.

जाणकारांच्या मतें त्या स्पर्धेच्या बोधचिन्हांतील, चेंडू घेऊन धांवणारी पांढरी आकृति वेस्टचीच आहे. आणि तें चिन्ह तयार झालें तें नेमकें १९६९ सालीं, फुगे छताशींच राहिले त्या वर्षीं. ज्या व्यवसायांत अंगठ्या मोजतात त्यानें आपल्या कपाळावर एका हरलेल्या खेळाडूचें चित्र लाविलें आहे! वेस्ट १२ जून २०२४ रोजीं वारला. या दोन पुस्तकांपैकीं कोणतें आधीं वाचावें असें कोणी विचारील तर आम्ही म्हणूं, वेस्टचें आधीं वाचावें. रचनेनें तें अधिक बांधेसूद आहे, आणि चुकीच्या मापानें स्वतःस तोलल्यास काय भोगावें लागतें हें त्याइतक्या प्रामाणिकपणें दुसऱ्या कोणीं सांगितलेलें आम्हांस ठाऊक नाहीं. मग रसेलचें वाचावें, म्हणजे वेस्टनें जें आयुष्यभर शोधिलें तें त्याच्या हातीं १९६९ मध्येंच आलेलें होतें, हें वाचकाच्या ध्यानांत येईल.